पिकअपची हेडलाईट लपलपते? बल्ब विकत घेण्याआधी अर्थिंग बघा



आजची माहिती जाळ्याची नाही, डिझेल सबसिडीची नाही आणि हवामानाचीही नाही. आपली मासळी पहाटे बाजारात पोचवणाऱ्या गाडीच्या हेडलाईटची आहे. मी मेस्त्री नाही. बारावी शिकलेला, संस्थेचा हिशेब लिहिणारा माणूस आहे. पण या विषयात मी स्वतः चुकलो आणि संस्थेचे पैसे त्यात गेले, म्हणून लिहितो. लांबलचक आहे, पण एकदा शेवटपर्यंत वाचा आणि तुमच्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवा.

झालं काय

संस्थेच्या जुन्या डिझेल पिकअपची हेडलाईट गेल्या हंगामात लपलपायला लागली. रस्ता सरळ असला की ठीक. खड्डा आला की दोन्ही लाईट एकदम मंद, पुन्हा लख्ख. ड्रायव्हर म्हणाला, "बल्ब गेले." दोन नवे बल्ब घातले. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, जास्त वॅटचे घाला. ते घातले. मग कुणीतरी सांगितलं, बॅटरी बसली. नवी बॅटरी घेतली. लाईट लपलपायची ती लपलपतच राहिली.

एका पहाटे मी स्वतः गाडीत होतो. मागे बांगड्याचे क्रेट, म्हापशाच्या बाजाराची घाई. चोपड्याकडून शिवोलीचा पूल ओलांडला, पुढं एका वळणावर गाडीनं गचका खाल्ला आणि लाईट गेली. पुरती गेली. एक क्षण फक्त काळोख. पुन्हा आली तेव्हा रस्त्याच्या कडेला डोक्यावर पाटी घेतलेली एक काकी उभी होती, आमच्या आरशापासून हातभर अंतरावर. ती रिक्षाची वाट बघत होती. ड्रायव्हरनं ब्रेक दाबून गाडी थांबवली. कुणाला काही झालं नाही. पण बाजारात पोचेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

त्या दिवशी दुपारी धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या मेस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी बल्ब काढला नाही, बॅटरी काढली नाही. एक जाड वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं टोक हेडलाईटजवळच्या पत्र्यावरच्या अर्थच्या बोल्टला टेकवलं. लाईट एकदम पांढरी झाली. बोनेट हलवलं, बंपरला लाथ मारली, लाईट ढिम्म हलली नाही. मेस्त्री म्हणाले, "सेक्रेटरीबाब, बल्ब बरा आहे. वीज इथवर येते, पण तिला घरी परतायची वाट नाही."

बोल्ट सोडला तर खाली पांढरा-हिरवा चुरा. थिंबल अर्धं खाल्लेलं. एक नवं थिंबल, थोडा पॉलिश पेपर, एक नट-बोल्ट आणि अर्धा तास. एवढंच काम होतं. चार बल्ब आणि एक बॅटरी मात्र संस्थेच्या खात्यातून गेली होती. मासिक सभेत 'वाहन दुरुस्ती' हा आकडा वाचून दाखवताना माझाच आवाज बसला.

वीज जाते तशी परतही यावी लागते

बॅटरीच्या प्लसमधून वीज निघते. फ्युज, स्विच, रिले असं करत बल्बात येते आणि तार पेटवते. तिथं तिचा प्रवास संपत नाही. तिला बॅटरीच्या मायनसला परत जावं लागतं. गाडीत परतीची वायर बहुतेक वेळा अगदी आखूड असते. ती जवळच्या पत्र्याला बोल्टनं जोडलेली असते आणि पुढचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडीच. यालाच आपण 'अर्थ' किंवा 'अर्थिंग' म्हणतो. होडी समुद्रात गेली आणि बंदराला परत आली तरच फेरी पुरी झाली म्हणायची. विजेचंही तसंच.

आता आपली गाडी राहते कुठे? समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिच्यात भरतो काय? खारं पाणी टपकणारे क्रेट. बर्फाचं पाणी फळ्यांमधून खाली चॅसीवर उतरतं. वर खारी हवा आणि चार महिने पाऊस. प्लसची वायर प्लास्टिकच्या आत झाकलेली असते, पण अर्थचा बोल्ट पत्र्यावर उघडा असतो. म्हणून घाटमाथ्यावरच्या गाडीपेक्षा आपल्या गाडीचा अर्थ आधी सडतो.

थोडा हिशेब बघा. आपल्या बहुतेक गाड्यांत एच-४ हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. डिपरला ५५ वॅट. १२ व्होल्टवर एका बल्बातून साधारण साडेचार अँपिअर वीज वाहते, दोन्ही मिळून नऊ. गंजलेल्या जोडात एका ओहमच्या दहाव्या भागाएवढा जरी अडथळा असला तरी नऊ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट तिथंच खर्च होतो. हॅलोजनची गंमत अशी की व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड साधारण तीस टक्के उतरतो. खड्ड्यात तो जोड हलला की अडथळा कमी-जास्त होतो आणि लाईट लपलपते. वर त्या जोडात उष्णता तयार होते आणि तो आणखी खराब होतो. म्हणून हा आजार आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो.

आधी पाच प्रश्न विचारा

पाना हातात घेण्याआधी लाईट कधी आणि कशी लपलपते ते नीट बघा. निम्मा तपास इथंच होतो.

१) एक लाईट की दोन्ही? एकच लपलपत असेल तर दोष त्याच बाजूला आहे. बल्ब, त्याचा होल्डर, कपलर किंवा त्या बाजूचा अर्थ. बॅटरी-अल्टरनेटरकडे जाऊच नका. दोन्ही एकदम लपलपत असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे.

२) खड्ड्यात लपलपते की ॲक्सिलरेटरवर? खड्ड्यात लपलपली तर कुठेतरी जोड सैल आहे. इंजिन स्लो असताना मंद आणि रेस केल्यावर प्रखर होत असेल तर चार्जिंग बघा, म्हणजे पट्टा, अल्टरनेटर किंवा त्याचा रेग्युलेटर. स्लोवर पंखा चालू केल्यावर लाईट किंचित दबली तर घाबरू नका, तेवढं जुन्या गाडीत होतं.

३) बाकीचे दिवेही लपलपतात का? डॅशबोर्डचे दिवे, केबिनचा दिवा, हॉर्नचा आवाज, सगळंच खालीवर होत असेल तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य अर्थ किंवा अल्टरनेटर. फक्त हेडलाईटच लपलपत असेल तर हेडलाईटचा स्विच, रिले, वायर, अर्थ.

४) किती वेळानं? सुरुवातीला ठीक, दहा-पंधरा मिनिटांनी जाते, थोड्या वेळानं परत येते, असं असेल तर काहीतरी तापतं आहे. स्विच, रिले किंवा होल्डर. लाईट चालू ठेवून थोड्या वेळानं स्विचजवळ आणि फ्युजबॉक्सजवळ हात लावून बघा. गरम लागलं किंवा जळका वास आला तर गाडी तिथंच थांबवा.

५) डिपरला की अप्परला? फक्त डिपरवर लपलपते आणि अप्परवर ठीक असेल तर अर्थ बहुधा चांगला आहे, कारण दोन्हींचा अर्थ एकच. मग स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, डिपरचा रिले किंवा बल्बची डिपरची तार बघा.

एक खूण मेस्त्रींनी सांगितली ती लक्षात ठेवा. डिपर चालू असताना एका बाजूची लाईट पिवळी-मंद आहे आणि डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवा हलकासा पेटलेला दिसतो, तर त्या बाजूचा अर्थ गेला म्हणून समजा. परतीची वाट बंद असल्यामुळे वीज त्याच बल्बाच्या दुसऱ्या तारेतून उलटी जाऊन अप्परच्या वायरीनं बाहेर पडायला बघते. बहुतेक जुन्या गाड्यांत ही खूण दिसते.

आता तपासणी, ह्याच क्रमानं

पहिलं, डोळ्यांनी बघा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-निळा चुरा आहे का? टर्मिनल हातानं फिरतं का? फिरत असेल तर सैल आहे. बॅटरीच्या मायनसची एक जाड वायर बॉडीला आणि एक इंजिन किंवा गिअरबॉक्सला गेलेली असते. दोन्हींची टोकं बघा. अल्टरनेटरचा पट्टा सैल किंवा तडकलेला आहे का? दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबला तर ठीक. हे इंजिन बंद असतानाच. पट्टा आपोआप ताणणारी यंत्रणा असलेल्या गाडीत पट्ट्याला हात लावू नका, मेस्त्रीला दाखवा.

दुसरं, हलवून बघा. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा, लाईट चालू करा. एक माणूस भिंतीकडे बघत उभा राहील, दुसऱ्यानं एकेक जोड हलवायचा. होल्डर, कपलर, रिले, फ्युज, बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर, शेवटी स्टिअरिंगचा स्विच. ज्याला हात लावल्यावर भिंतीवरचा उजेड हलला, चोर तोच. या कामाला एक पैसा लागत नाही. बल्ब तापलेला असतो, फिरता पंखा जवळ असतो, तेव्हा हे इंजिन बंद ठेवून करा आणि बाह्या वर करा.

तिसरं, मीटर लावा. साधा डिजिटल मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा.

इंजिन बंद, गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर ती निम्मीच भरली आहे.

इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ यावं. हेडलाईट आणि पंखा चालू करून थोडी रेस दिली तरी १३ च्या खालीच राहत असेल तर चार्जिंग पुरत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बल्बही उडवेल आणि बॅटरीही उकळवेल. अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथं आकडे खालीवर होतात. त्या गाडीचं माप त्या गाडीच्या माणसाकडून घ्या.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थचा हिशेब. लाईट चालू ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर धरा, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. लाल पिन हेडलाईटच्या अर्थच्या वायरीच्या टोकाला धरा. आदर्श आकडा शून्य. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. त्याच्या वर असेल तर परतीच्या वाटेवर गंज बसला आहे. मग लाल पिन एकेक पाऊल बॅटरीकडे आणत जा. वायरीचं टोक, बोल्ट, बाजूचा खरवडलेला पत्रा, बॅटरीच्या वायरीचा बॉडीवरचा बोल्ट, क्लॅम्प. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम पडला, दोष त्या दोघांच्या मध्ये.

तशीच प्लसची बाजू बघता येते. एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरी बल्बाच्या प्लस टोकावर, लाईट चालू. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर स्विच, रिले, फ्युज किंवा वायर अडवते आहे.

लक्षात ठेवा, लाईट बंद ठेवून घेतलेलं माप फसवतं. वीज वाहतच नसेल तर गंज लपून राहतो. माप घ्यायचं ते लाईट पेटलेली असतानाच.

मीटर नसेल तर मेस्त्रींची वायरची युक्ती करा. पण ती वायर फक्त अर्थच्या बोल्टला किंवा खरवडलेल्या पत्र्यालाच टेकवायची, होल्डरच्या पिनांना नाही. चुकून प्लसच्या पिनेला लागली तर सरळ शॉर्ट. वायरीत मध्ये १५ अँपिअरचा फ्युज असलेला बरा. आणि ठिणगी पडण्याची शक्यता असलेलं टोक बॅटरीपासून लांब ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. बिडी-सिगारेट तर अजिबात नको.

दुरुस्ती कशी करावी

कामाला लागण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. ही सवय लावून घ्या. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची काही जणांची जुनी पद्धत आहे. ती सोडा. त्यानं अल्टरनेटर आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात.

अर्थचा बोल्ट: सोडा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. रंगाच्या वर थिंबल बसवलं तर काही उपयोग नाही, रंग वीज अडवतो. थिंबल खाल्लेलं असेल तर कापून नवं लावा. वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापत जा. खारं पाणी वायरीच्या प्लास्टिकच्या आत आत चढतं. थिंबल नीट दाबून बसवा, बोल्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा.

बॅटरीचे टर्मिनल: कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा. बॅटरीची झाकणं घट्ट बंद ठेवा, ते पाणी आत जाता कामा नये. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. स्वच्छ पाण्यानं धुवून, सुकवून आवळा, मग जेली.

होल्डर: वितळलेला, तपकिरी पडलेला, पिना सैल झालेला होल्डर घासत बसू नका, बदला. त्याच्या वायरी जोडताना पिळून टेप गुंडाळायची नाही. जोड दाबून बसवा आणि वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह घाला. पिळलेला जोड आपल्याकडे एक पावसाळा काढत नाही.

रिले: फ्युजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले बहुधा असतो, हॉर्नचा वगैरे. अदलाबदल करून बघा. लपलपणं थांबलं तर रिले दोषी. नवा घ्या.

स्विच: जुन्या काही गाड्यांत हेडलाईटची सगळी वीज स्टिअरिंगच्या स्विचमधून जाते, रिले नसतोच. असा स्विच तापून जळतो. तिथं स्विच बदलून वर रिले बसवून घेतला तर बल्बाला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि स्विचही वाचतो. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

हॅलोजन बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलानं काच तापून बल्ब लवकर जातो. आणि आपले हात म्हणजे मासळीचे हात! कागदानं धरा.

एलईडीवाल्यांसाठी

काही जणांनी हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घातले आणि ते पहिल्या दिवसापासून सारखे थरथरतात. खड्डा असो-नसो. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर बल्बाला सलग वीज न देता वेगानं चालू-बंद करत देतो, किंवा बल्ब गेला का ते मधूनमधून तपासतो. हॅलोजनची तार तापलेली राहते म्हणून ते दिसत नाही, एलईडी मात्र लगेच दाखवतो. त्याला डीकोडर मिळतो. पण मी म्हणेन, ज्या लाईटचा आरसा हॅलोजनसाठी बनवला आहे त्यात हॅलोजनच ठेवा. एलईडी घातला की उजेड विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. समोरून येणारा बहुधा आपलाच कुणीतरी असतो.

हे करू नका

फ्युज उडतो म्हणून त्याला तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळू नका. १५ च्या जागी ३० चा फ्युजही नको. फ्युज वायरीला वाचवतो. तो नसला तर वायर पेटते, आणि गाडीत मागे थर्माकोलच्या पेट्या असतात.

उजेड कमी म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घालू नका. आम्ही घातले होते. अर्थ खराब असताना वीज आणखी ओढली, गंजका जोड आणखी तापला आणि एका बाजूचा होल्डर वितळला.

"चालतंय तोवर चालू दे" म्हणू नका. लपलपणारी लाईट म्हणजे आधी मिळालेली सूचना आहे. पुढची पायरी पूर्ण काळोख.

होडीमालकांनो, तुमच्यासाठीही

बोटीवर १२ व्होल्टची बॅटरी आहे, तांबं आहे आणि खारं पाणी तर चोवीस तास आहे. तपासायची रीत हीच. हलवून बघणं, लाईट पेटवून माप घेणं, मायनसकडून सुरुवात करणं. पण एक फरक विसरू नका. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीला गाडीसारखी बॉडी नाही. प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र वायर बॅटरीपर्यंत न्यावी लागते. कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळाली तर ती जास्त टिकते.

आणि बोटीची लाईट लपलपली तर धोका नुसत्या अंधाराचा नाही. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, हे दिवे सलग जळणारे असतात. ठरावीक वेळानं पेटणारा-विझणारा लाल किंवा हिरवा दिवा हा समुद्रात बोयाचा असतो. तुमचा दिवा लपलपत असेल तर मोठ्या जहाजावरचा माणूस तुम्हाला बोया समजू शकतो. बोया जागचा हलत नाही, असं धरून तो चालतो. पुढचं मी सांगायला नको.

बंदीचे दिवस वाया घालवू नका

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जाळी विणतो, होडी रंगवतो, इंजिन खोलतो. त्याच दिवसांत गाडीचे चार अर्थचे बोल्ट सोडून, घासून, जेली लावून परत बसवा. १ ऑगस्टला पहिली फेरी निघेल तेव्हा पाऊस असतोच आणि पहाटेचा काळोखही. एरवी दर आठवड्याला, मासळी उतरवल्यावर, गाडी गोड्या पाण्यानं खालून धुवा. इंजिनच्या भागात मात्र जोराचा फवारा मारू नका, कपलरमध्ये पाणी शिरतं. क्रेटखाली ताडपत्री घाला, म्हणजे खारं पाणी चॅसीवर न जाता मागून बाहेर जाईल.

आणि इलेक्ट्रिशियनकडे जायची वेळ आली तर त्याला "लाईट बघ रे" एवढंच सांगू नका. "दोन्ही लाईट खड्ड्यात लपलपतात, अर्थच्या बाजूला अर्धा व्होल्ट पडतो," असं सांगा. तो तुम्हाला बल्ब विकणार नाही, सरळ बोल्ट उघडेल. अल्टरनेटर खोलणं, स्टिअरिंगचा स्विच काढणं, एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगजवळ हात घालणं, ही कामं मात्र त्याचीच. तिथं आपली हुशारी नको.

संस्थेच्या ऑफिसात एक मल्टीमीटर आणून ठेवला आहे. कुणाही सभासदानं वहीत सही करून न्यावा, दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावा. वापरता येत नसेल तर संध्याकाळी गाडी घेऊन या, दोघं मिळून बघू. मीटरची किंमत आमच्या त्या चार बल्बांपेक्षा कमी पडली, हेही हिशेबात लिहून ठेवलं आहे.

ती काकी अजून पहाटे त्याच वळणावर उभी असते. आता आमची लाईट तिच्यावर लांबूनच पडते आणि ती हात वर करते. तिला वाटतं, आम्ही तिला ओळखतो म्हणून गाडी हळू करतो.

आपला,
सेक्रेटरी